अंतर्कर्णाचे संतुलनविकार आणि शालेय अध्ययन

अंतर्कर्णाचे संतुलनविकार म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागातील संतुलनेंद्रियाच्या, किंवा तेथून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेच्या, कार्यात निर्माण होणारे बिघाड होत. प्रौढांमध्ये हे विकार भोवळ या ठळक लक्षणामुळे लवकर ध्यानात येतात. शाळकरी मुलांत मात्र, विशेषतः दोष जन्मजात असेल तर, भोवळ मुळीच नसू शकते. उशिरा चालायला लागणे, अंधारात तोल जाणे, मान हलताच अक्षरे पुसट होणे, फळ्यावरून उतरवून घेताना ओळ हरवणे अशा विखुरलेल्या गोष्टींतून दोष व्यक्त होतो, आणि त्या गोष्टींचा कानाशी काही संबंध असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. असे मूल अभ्यासात मागे पडले की त्याची गणना आळशी, वेंधळ्या किंवा ‘अध्ययन अक्षम’ मुलांत होते.

याच्या नेमकी उलट चूकही झालेली आहे. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन अक्षमता, हा मुळात अंतर्कर्णाचा व लहान मेंदूचा विकार आहे असा सिद्धान्त विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बराच गाजला. परीक्षणांत तो टिकला नाही, तरी त्याच्या आधारे सुचवलेले उपाय अनेक पालकांनी मोठ्या आशेने करून पाहिले. संतुलनविकारामुळे येणारी वाचनातील अडचण आणि डिस्लेक्सिया या दोन भिन्न अवस्था आहेत. एकाच मुलात त्या एकत्र असू शकतात, परंतु एकीचा उपचार दुसरीला लागू पडत नाही.

रचना व कार्य

अंतर्कर्णाचे दोन भाग आहेत. शंखाकृती भाग, म्हणजे कॉक्लिया, ऐकण्यासाठी असतो. त्याला लागून असलेला भाग संतुलनासाठी असतो. दोन्ही भागांत एकच द्रव खेळतो आणि दोन्हींचे संदेश मेंदूच्या आठव्या चेतेतूनच जातात. श्रवणदोष व संतुलनदोष पुष्कळदा जोडीने का आढळतात, हे या शेजारावरून समजते.

संतुलनाच्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि युट्रिकल व सॅक्युल या दोन सूक्ष्म पिशव्या असतात. तिन्ही नलिका एकमेकींशी जवळजवळ काटकोन करून असल्याने डोके कोणत्याही दिशेने वळले तरी निदान एका नलिकेतील द्रव मागे रेंगाळतो व तेथील केसपेशी वाकतात. फुगडीचा अनुभव याच रचनेतून येतो. फुगडी थांबते, पण नलिकेतील द्रव काही काळ वाहतच राहतो. म्हणून पाय स्थिर झाल्यावरही अंगण फिरत असल्याचा भास होतो. दोन्ही पिशव्यांत केसपेशींवर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. त्यांच्या वजनामुळे डोके कोणत्या बाजूला कलले आहे, आणि शरीर सरळ रेषेत पुढे किंवा खाली जात आहे काय, हे मेंदूला कळते.

वाचनाच्या दृष्टीने या इंद्रियाचे सर्वांत महत्त्वाचे कार्य तोल सांभाळण्याचे नसून नजर स्थिर ठेवण्याचे आहे. डोके उजवीकडे वळताच अंतर्कर्णाचा संदेश मेंदूच्या मुळाशी असलेल्या केंद्रांतून डोळ्यांच्या स्नायूंकडे जातो आणि डोळे तेवढ्याच वेगाने डावीकडे वळतात. या प्रतिक्षिप्त क्रियेस सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकाच वेळ लागतो. दृष्टीच्या साहाय्याने नजर सावरायची झाली तर याच्या सुमारे दहापट वेळ जातो. ही क्रिया कोणालाही पडताळून पाहता येते. पुस्तक हातात धरून ते वेगाने डावी-उजवीकडे हलवले तर अक्षरे वाचता येत नाहीत. पुस्तक स्थिर ठेवून डोके त्याच वेगाने हलवले तर मात्र ती सहज वाचता येतात. दुसऱ्या प्रयोगात डोळ्यांना अंतर्कर्णाची मदत मिळते, पहिल्यात मिळत नाही.

ही मदत पूर्णपणे नाहीशी झाली तर काय होते, याचे मार्मिक वर्णन ‘जे. सी.’ या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या एका डॉक्टरने १९५२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अमेरिकी नियतकालिकात केले. स्ट्रेप्टोमायसिनच्या उपचाराने त्यांच्या दोन्ही कानांतील संतुलनेंद्रिये निकामी झाली होती. अंथरुणावर पडून वाचताना, नाडीच्या ठोक्यागणिक डोक्याला बसणाऱ्या सूक्ष्म हिसक्यांनीही ओळी नाचू लागत. अखेर पलंगाच्या उशाकडील लोखंडी दांड्यांना डोके टेकवून ते वाचू लागले. हा रुग्ण प्रौढ, सुशिक्षित व स्वतः वैद्यकाचा जाणकार होता, म्हणून त्याला आपला अनुभव शब्दांत मांडता आला. जन्मापासून अक्षरे हलतानाच पाहणाऱ्या मुलाला ती इतरांना स्थिर दिसतात हेच ठाऊक नसते. मग ते तक्रार कशाची करणार?

अभ्यासाचा इतिहास

फिरवल्यावर भोवळ येणे ही कानाची देणगी आहे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. फ्रेंच वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये भोवळीचे झटके मेंदूऐवजी अंतर्कर्णातून उद्भवू शकतात असे दाखवले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, गोल फिरवल्यावर अनेक कर्णबधिरांना भोवळ येतच नाही, असे नोंदवले. कर्णबधिर मुलांच्या संतुलनाकडे लक्ष वेधणारी ही आरंभीची महत्त्वाची नोंद होय.

व्हिएन्नातील रॉबर्ट बारानी यांनी कान धुताना पाणी थंड असल्यास रुग्णाचे डोळे एका दिशेने व गरम असल्यास विरुद्ध दिशेने झटके देत फिरतात, या निरीक्षणावरून प्रत्येक कानाची स्वतंत्र चाचणी घडवली. या कार्याबद्दल त्यांना १९१४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाची वार्ता आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

मुलांमधील कारणे

मुलांना वारंवार येणाऱ्या भोवळीचे सर्वांत सामान्य कारण कानात नसून अर्धशिशीच्या प्रवृत्तीत असते. धडधाकट दिसणारे मूल अचानक घाबरून आईला बिलगते, काही मिनिटे उभे राहू शकत नाही आणि मग काही घडलेच नाही असे खेळायला जाते. या झटक्यांचे वर्णन बॅसर यांनी १९६४ साली केले. अशा मुलांच्या घरी बहुधा कोणाला तरी अर्धशिशी असते, आणि वय वाढते तसे झटके बहुतेकदा थांबतात.

प्रत्यक्ष कानातील कारणांत मध्यकर्णात द्रव साचणे हे फार आढळणारे कारण आहे. सर्दी-पडशानंतर पडद्यामागे चिकट द्रव राहतो. त्यामुळे ऐकू कमी येते आणि काही मुलांचा तोलही बिघडतो. द्रव निघून गेल्यावर दोन्ही गोष्टी सहसा सुधारतात. मेंदूज्वर, गर्भावस्थेतील सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, डोक्याला मार, अंतर्कर्णाची जन्मजात सदोष घडण, आणि स्ट्रेप्टोमायसिन व जेंटामायसिन यांसारखी प्रतिजैविके यांनी होणारी हानी मात्र बहुधा कायमची असते.

जन्मजात कर्णबधिरता असलेल्या मुलांत संतुलनदोषाचे प्रमाण मोठे आहे. निरनिराळ्या पाहण्यांत ते २० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत आढळते. निकष व चाचण्या वेगवेगळ्या असल्याने एवढी तफावत पडते. त्यातही पहिल्या प्रकारच्या अशर संलक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. या आनुवंशिक विकारात मूल जन्मतः बहिरे असते, संतुलनेंद्रिय काम करीत नसल्याने दीड वर्षानंतरच चालू लागते, आणि पुढे त्याला रातांधळेपणा येऊन दृष्टीचा पल्ला आकसत जातो. बहिरे मूल फार उशिरा चालू लागले, एवढ्या एका खुणेवरूनही त्याच्या डोळ्यांची वेळीच तपासणी करता येते आणि पुढील शिक्षणाची आखणी त्यानुसार होऊ शकते.

लक्षणे

बोली मराठीत ‘चक्कर येणे’ हा एकच शब्दप्रयोग दोन निराळ्या अनुभवांसाठी वापरला जातो. उपाशीपोटी प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलीच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, तीही चक्कर. आणि घर गरगर फिरू लागते, तीही चक्कर. पहिल्या अनुभवाचे कारण बहुधा रक्तदाब, भूक किंवा रक्तक्षय यांत असते, दुसऱ्याचे संतुलनसंस्थेत. अंधारी, घेरी, भोवळ, गरगरणे असे वेगवेगळे शब्द मराठीत आहेत. मुलाला ‘काळोख झाला की सगळे फिरले?’ असे विचारले तर निदानाचा निम्मा मार्ग सरतो.

झटक्याने येणाऱ्या विकारांत मळमळ, उलटी, चेहरा पांढरा पडणे आणि डोळ्यांचे लयबद्ध झटके दिसतात. कायमच्या दोषाची खूण वेगळी असते. दोन्ही कानांत जन्मतः दोष असलेले बाळ मान उशिरा धरते, उशिरा बसते व उशिरा चालते. पुढे ते डोळे आणि पायांच्या तळव्यांची जाणीव यांच्या आधारे तोल सांभाळायला शिकते, इतके की दिवसाउजेडी सपाट जमिनीवर त्याच्यात काही उणे दिसत नाही. वीज गेल्यावर, वाळूत किंवा नांगरलेल्या शेतात चालताना, डोळे मिटून करायच्या खेळात, सायकल शिकताना उणीव उघडी पडते. लंगडीत असे मूल पहिल्या काही उड्यांतच बाद होते. पाच वर्षांचे निरोगी मूल साधारणपणे १० सेकंद एका पायावर उभे राहू शकते. त्या वयानंतरही तीन-चार सेकंदांत पाय टेकवावा लागत असेल तर तपासणी करणे युक्त ठरते.

पोहण्याचा धोका वेगळा सांगायला हवा. पाण्याखाली पायांना जमीन लागत नाही आणि गढूळ पाण्यात डोळेही उपयोगी पडत नाहीत. अशा वेळी वर कोणते आणि खाली कोणते हे केवळ अंतर्कर्ण सांगतो. दोन्ही कानांचे संतुलन गमावलेले मूल पृष्ठभागाकडे येण्याऐवजी खोल जाऊ शकते. म्हणून विहीर, नदी वा तलावात अशा मुलाला, ते पोहण्यात तरबेज असले तरी, एकटे सोडू नये.

वाचन व लेखनावरील परिणाम

संतुलनदोष असलेल्या मुलांच्या वाचनाचा थेट अभ्यास फारसा झालेला नाही. अमेरिकेत ब्रॅसवेल व राइन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन्ही कानांचे कार्य मंदावलेल्या मुलांना बारीक अक्षरे वाचताना इतर मुलांपेक्षा अधिक अडचण येते असे आढळले. अडचण अक्षरओळखीची नव्हती, नजर स्थिर राहण्याची होती. म्हणूनच असे मूल डोके हाताने टेकवून शांतपणे वाचताना बरे वाचते. चालत्या बसमध्ये, उभ्याने मोठ्याने वाचताना किंवा फळ्याकडे व वहीकडे आळीपाळीने पाहताना अडखळते. शिक्षकाच्या दृष्टीने ही विसंगती मोलाची आहे. डिस्लेक्सिया असलेले मूल बसून वाचो वा उभ्याने, ‘कमल’ आणि ‘कलम’ यांतला घोटाळा तसाच राहतो.

दुसरा परिणाम थकव्याचा. निरोगी मुलाचा तोल नकळत सांभाळला जातो. दोष असलेल्या मुलाला बाकावर ताठ बसण्यासाठीही लक्ष खर्च करावे लागते, आणि तेवढे लक्ष गणिताला कमी पडते. तासाच्या उत्तरार्धात ते डोके बाकावर टेकवते, चुळबुळ करते. यावरून अवधानदोषाचा शिक्का बसू शकतो. अवधानदोष खरोखरच असलेली मुलेही अर्थातच असतात, आणि केवळ वर्गातील वागण्यावरून या दोहोंत भेद करणे सोपे नाही.

तिसरा परिणाम दिशा व स्थानाच्या जाणिवेचा. म्युनिक येथील टोमास ब्रांट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये, दोन्ही कानांची संतुलनचेता गमावलेल्या प्रौढांत स्मृतीशी निगडित हिपोकॅम्पस हा मेंदूचा भाग आकसलेला आढळतो व त्यांना संगणकावरील आभासी जागेत वाट शोधणे जड जाते, असे दाखवले. पुढील सर्व अभ्यासांत हा आकसलेपणा दिसला नाही. यावरून मुलांच्या भूमितीविषयी किंवा नकाशावाचनाविषयी अनुमान काढणे आज तरी घाईचे ठरेल.

डिस्लेक्सियाचा वाद

अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन आयर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात, अध्ययनातील अडचणींच्या मुळाशी संवेदनांचे एकत्रीकरण नीट न होणे हे कारण असते आणि त्यात संतुलनसंवेदनेला मध्यवर्ती स्थान आहे, असे प्रतिपादन केले. मुलाला फळीवर बसवून २० सेकंदांत १० फेरे द्यायचे आणि नंतर डोळ्यांचे झटके किती वेळ टिकतात ते मोजायचे, अशी त्यांची चाचणी होती. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ हॅरल्ड लेव्हिन्सन यांनी १९७३ पासून याहून पुढे जाऊन डिस्लेक्सिया हाच लहान मेंदू व संतुलनसंस्था यांचा विकार असल्याचे मांडले आणि प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून देतात ती औषधे वाचनासाठी सुचवली.

या मांडणीचे आकर्षण समजण्याजोगे आहे. डिस्लेक्सिया असलेली काही मुले खरोखरच धांदरट असतात, चेंडू झेलता न येणारी असतात. शिवाय गोळी किंवा झोका हा उपाय वर्षानुवर्षांच्या वाचनसरावापेक्षा केव्हाही सुखावह. परंतु प्रकाशात केलेल्या आयर्स यांच्या चाचणीत मूल कोठे पाहते यावर निष्कर्ष बदलतो. कॅनडातील हेलेन पोलाटाइको यांनी काटेकोर उपकरणांनी मोजमाप करून १९८५ मध्ये अध्ययन अक्षम व इतर मुलांच्या संतुलनकार्यात फरक नसल्याचे दाखवले. प्रवासमळमळीवरील औषधाची यादृच्छिक पद्धतीची चाचणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत वाचन सुधारले नाही. ब्रिटनमध्ये डळमळत्या फळीवरील व्यायामांनी डिस्लेक्सिया बरा करण्याचा दावा करणारा एक महागडा कार्यक्रम निघाला होता. त्याच्या समर्थनार्थ २००३ साली आलेल्या अभ्यासावर संशोधकांनी कडाडून टीका केली, आणि २००८ मध्ये तो चालवणारी कंपनी बंद पडल्यावर पैसे भरलेली अनेक कुटुंबे अडचणीत आली.

डिस्लेक्सियाचे मूळ प्रामुख्याने भाषेतील ध्वनी वेगळे ओळखून त्यांची अक्षरांशी सांगड घालण्याच्या क्षमतेत आहे, हे मत आज सर्वाधिक मान्य आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ च्या निवेदनात संवेदन-एकत्रीकरण उपचारांबाबत पुरावा मर्यादित असल्याचे पालकांना स्पष्ट सांगावे, असा सल्ला दिला. लहान मेंदूचा डिस्लेक्सियाशी काही संबंध असू शकतो, या शेफिल्डच्या निकोलसन व फॉसेट यांच्या गृहीतकावर मात्र चर्चा चालू आहे. पण लहान मेंदू म्हणजे अंतर्कर्ण नव्हे.

तपासणी

पहिली तपासणी साध्या खोलीत होते. मुलाला दृष्टितक्ता स्थिर डोक्याने वाचायला लावतात आणि नंतर त्याचे डोके हलके पण भरभर हलवत तोच तक्ता पुन्हा वाचून घेतात. दोनहून अधिक ओळींनी दृष्टी खालावली तर नजर स्थिर ठेवणारी क्रिया कमजोर असल्याचा संशय येतो. सिडनीचे हाल्मागी व कर्थॉइज यांनी १९८८ मध्ये वर्णिलेल्या चाचणीत मुलाला समोरच्या नाकाकडे पाहायला सांगून डोके एकदम थोडेसे वळवतात; डोळे नाकावरून सुटून मागाहून झटक्याने परतले तर त्या बाजूचा कान सदोष असतो. हीच चाचणी आता चष्म्यात बसवलेल्या कॅमेऱ्याने केली जाते. बारानींची थंड-गरम पाण्याची चाचणी अजूनही प्रचारात आहे, परंतु लहान मुले ती सहसा सहन करीत नाहीत. श्रवणचाचणी आणि डोळ्यांची तपासणी प्रत्येक वेळी सोबत करावी लागते. डोकेदुखीसह वाढत जाणारा असंतुलितपणा किंवा बोलण्या-गिळण्यातील बदल असल्यास मेंदूविकाराच्या दृष्टीने तातडीने तपासणी आवश्यक असते.

उपचार व वर्गातील व्यवस्था

मध्यकर्णातील द्रव, अर्धशिशी किंवा संसर्ग यांवर त्या त्या कारणानुसार उपचार होतो. नष्ट झालेल्या केसपेशी मात्र माणसात पुन्हा उपयुक्त प्रमाणात वाढत नाहीत. अशा मुलांना नजर एका बिंदूवर ठेवून डोके हलवण्याचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले जातात. श्रवणदोषाबरोबर संतुलनदोष असलेल्या मुलांत या व्यायामांनी हालचालींचा विकास सुधारल्याचे राइन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. हे व्यायाम वाचन शिकवत नाहीत. ते वाचताना पान स्थिर दिसायला मदत करतात. ज्या मुलाला दोन्ही दोष आहेत त्याला वाचनाचे विशेष अध्यापन स्वतंत्रपणे द्यावेच लागते.

वर्गात करण्याजोगे बदल स्वस्त आहेत. मुलाला फळ्यासमोर मधोमध बसवावे, म्हणजे मान फार वळवावी लागत नाही. फळ्यावरचा मजकूर कागदावर लिहून द्यावा. पुस्तक उतरत्या लाकडी पाटीवर ठेवले की डोके वर-खाली कमी करावे लागते. अक्षर मोठे व ओळींमधले अंतर अधिक असावे, मोठ्याने वाचन बसून करू द्यावे, आणि अंधाऱ्या जिन्यावर कोणीतरी सोबत असावे. कवायतीत तोल गेला म्हणून मुलाला वर्गासमोर पुन्हा पुन्हा उभे करण्याने कान सुधारत नाही. मूल तेवढे मैदानावर यायचे टाळू लागते.

भारतातील स्थिती

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नोंदलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व श्रवणदोष यांचा समावेश आहे. संतुलनदोष स्वतंत्रपणे नाही. परिणामी डिस्लेक्सियाचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो, पण केवळ संतुलनदोषामुळे सावकाश वाचणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तसा सरळ मार्ग नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शालेय तपासणीत श्रवणदोष, मध्यकर्णदाह, हालचालींच्या विकासातील विलंब आणि अध्ययनदोष हे सर्व येतात, मात्र संतुलनाचा स्वतंत्र रकाना तिच्यात नाही. मुंबईत वांद्रे येथे असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या केंद्रांत आणि मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांत श्रवणतपासणीसाठी येणाऱ्या मुलांच्या बाबतीत पालक संतुलनाविषयी आवर्जून विचारू शकतात.

बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात २०१८ पासून श्रवणदोष आढळलेल्या प्रत्येक बाळाची सहाव्या महिन्याच्या सुमारास संतुलनचाचणीही केली जाते. बाळाला आवाज ऐकवून मानेच्या स्नायूची प्रतिक्रिया मोजणारी ही चाचणी काही मिनिटांत होते आणि तिच्यासाठी मुलाने काही वाचण्याची वा बोलण्याची गरज नसते.